निळ्या टिकलीचा नमुना

आता बघा, ज्या बाईनं अर्धी हयात कोलेस्टेरॉलच्या मागे घालवली, तिनं स्वतःचं कोलेस्टेरॉल एकदाही तपासलेलं नव्हतं! ऐकणाऱ्याला खोटं वाटेल. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असाच असतो, आणि या अंधारात ती एकटी नव्हती, अख्खी प्रयोगशाळा तिच्याबरोबर बसलेली होती.

तिला सगळे ताई म्हणत. आधी घरात धाकटा भाऊ म्हणायचा, त्याचं ऐकून शेजारपाजार म्हणायला लागला, आणि कामावर तिच्याहून वयानं मोठे असलेले सरसुद्धा ताईच म्हणत. ताई केमिस्ट होती. त्यामुळे शेजारच्या काकू दर थंडीत दार वाजवून खोकल्याचं औषध मागायच्या. "काकू, माझं औषधांचं दुकान नाही हो, मी नवीन औषधं बनवते," असं ताईनं किती वेळा सांगितलं असेल. काकूंचं उत्तर ठरलेलं, "मग खोकल्याचं एक बनव की नवीन!"

ताईचं औषध हृदयासाठी होतं. आपल्या यकृतातल्या पेशींना बारीक बारीक दारं असतात. रक्तात फिरणारं वाईट कोलेस्टेरॉल त्या दारांतून आत ओढलं जातं आणि तिथे त्याचा निकाल लागतो. दारं कमी पडली की ते रक्तातच भटकत राहतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतं, आणि एक दिवस हृदयाकडे जाणारी वाट तुंबते. शरीरात एक आगाऊ प्रथिन असतं, ते ही दारं वेळेआधीच मोडीत काढत सुटतं. त्या प्रथिनाच्या नेमक्या खाचेत जाऊन बसेल आणि त्याला हलू देणार नाही असा रेणू घडवायचा, हे ताईचं काम. आधी संगणकाच्या पडद्यावर रेणू रचायचा, इथला एक अणू काढायचा, तिथे एक कडं जोडायचं. मग तो काचेच्या भांड्यात खरोखर बनवायचा. मग तो पाण्यात विरघळतच नाही म्हणून कपाळावर हात मारून घ्यायचा, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अशी कित्येक वर्षं गेली आणि शेवटी एक रेणू जमला. पोटात टिकत होता, यकृताला त्रास देत नव्हता, खाचेत चपखल बसत होता. त्याला लांबलचक क्रमांक होता, पण प्रयोगशाळेत त्याचं नाव पडलं बाब्या. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! ताईला ते नाव ऐकून हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

बाब्याची परीक्षा रक्तावर व्हायची. यकृत काही कुणाकडे मागता येत नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरही तशीच दारं असतात. निरोगी माणसाचं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना बाब्या द्यायचा आणि त्या किती कोलेस्टेरॉल आत ओढतात ते मोजायचं. हे मोजमाप करायची ती पेशीवाली. हाताची हुशार, तोंडाची त्याहून हुशार.

निरोगी माणसं आणायची कुठून? बाहेरचा माणूस आणला तर आधी त्याची सगळी तपासणी करावी लागायची, असा नियमच होता. मग कोण त्या भानगडीत पडतो! कामावरच्यांचे नवरे, बायका, भाऊ, मेहुणे यायचे, दंड पुढे करायचे, चहा-बिस्किटं खाऊन जायचे. त्यांची तपासणी? छे! घरचीच तर माणसं, चांगली ठणठणीत दिसतायत की! कोलेस्टेरॉलवर काम करणाऱ्या जागी कोलेस्टेरॉल न बघता माणूस निरोगी ठरत होता, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. नाव मात्र लिहायचं नाही. आपल्या माणसाकडे कुणाचं माप झुकू नये म्हणून दात्यानं डब्यातली हवी ती रंगीत टिकली उचलायची आणि नळीवर चिकटवायची. हिरवी, पिवळी, केशरी, निळी.

सगळ्या टिकल्यांनी बाब्याला डोक्यावर घेतलं. पेशींची दारं वाढली, आलेखातली रेघ झरझर वर चढली. एकट्या निळ्या टिकलीनं घोडं अडवलं. निळ्याची रेघ निम्म्यावर यायची आणि बसायची रुसून. पेशीवालीनं गोठवून ठेवलेल्या पेशी काढून पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"बाब्याचंच काही चुकत नसेल ना?" पेशीवालीनं विचारलं.

ताईला राग आला. "बाकी सगळ्यांवर चालतो आणि ह्या एकावर चालत नाही? नमुना बिघडलाय गं. उन्हात राहिला असेल, नाहीतर पेशी मेल्या असतील. काढून टाक तो."

"ताई, पेशी जिवंत आहेत, मी पाहिल्यात."

"मग अर्धमेल्या असतील! निरोगी माणूस निरोगीच असतो, तो कसा चुकेल? काढ म्हणते ना."

आणि निळा ठिपका आलेखावरून गेला. ताईनं स्वतः तो पुसला, आणि पुसताना तिचा हात जरासुद्धा थांबला नाही.

मोठी बैठक तोंडावर आली. माणसांवर बाब्याची चाचणी सुरू करायची की नाही, हे तिथे ठरणार होतं. सरांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "एक टिकली कमी दिसते. एक नवा नमुना घाला, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको." घाईत कोण सापडणार? ताईनंच बाही वर केली. "घे माझं. माझ्याइतकं निरोगी इथे आहे कोण? जिने चढून येते रोज, तळलेल्या पदार्थाला हात लावत नाही." पेशीवालीनं रक्त घेतलं आणि नळीला पांढरी टिकली लावली.

निकाल आला तेव्हा ताईच्या हातात चहाचा कप होता. पेशीवाली पडद्यासमोर बसून हसत होती.

"ताई, इकडे या, गंमत बघा. तुमची रेघ बघा! त्या फेकून दिलेल्या निळ्याचं सख्खं भावंड वाटतं."

ताई बघायला गेली. दोन रेघा एकीवर एक पडल्या होत्या. निम्म्यावर चढलेल्या आणि तिथेच बसलेल्या, सारख्याच रुसलेल्या. कप तिनं टेबलावर ठेवला असं तिला वाटलं, पण तो टेबलावर नव्हताच. तो फुटल्याचा आवाज झाला तेव्हा पेशीवालीचं हसू थांबलं.

"ताई? अहो, काय झालं?"

"मी बारक्याला आणलं होतं," ताई म्हणाली. "मागच्या खेपेला. माझ्या भावाला मी आणलं होतं गं."

पेशीवाली एकदा रेघांकडे आणि एकदा ताईकडे बघत राहिली. मग तिच्याही लक्षात आलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

नमुना बिघडलेला नव्हता, पेशी अर्धमेल्या नव्हत्या, आणि बाब्याही चुकला नव्हता. दारंच जन्मापासून निम्मी बिघडलेली होती. असा दोष घराण्यात उतरतो, असली माणसं वरून धडधाकट दिसतात आणि ऐन चाळिशीत धाडकन कोसळतात, हे ताईला तोंडपाठ होतं. तिनं स्वतःच तर पहिल्याच सादरीकरणात सांगितलं होतं, बाब्या कुणासाठी बनवायचा ते. अशाच माणसांसाठी. आणि आपल्या हातांनी त्यांतलाच एक माणूस तिनं पुसून टाकला होता. तो तिच्या पाठचा भाऊ होता. हे देवा!

तिनं फोन लावला. वाजत राहिला. बारक्या फोन घेणार कसा, तो पाण्यात असणार.

बारक्या पोहायला शिकवायचा. नाव बारक्या तसाच अंगानं काटकुळा, वाऱ्यानं उडेल असा, पण पाण्यात पडला की मासा. आणि हा मासा घडला त्याच्यामागे एक फार वाईट दुपार होती. बारक्या शाळेत असताना एकदा शाळा बुडवून मित्रांबरोबर खाणीतल्या पाण्यात पोहायला गेला. कुणीतरी गाढवानं खात्री न करता घरासमोर येऊन बोंब मारली, "तुमचा पोरगा बुडाला!" बाबा होते तसे धावत सुटले. काठावर पोचले तर पोरगा दगडावर बसून केस पुसतोय आणि खिदळतोय. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि खाली बसले. ते उठलेच नाहीत.

पोराच्या धसक्यानं गेले, असं लोक म्हणाले. लोकांचं सोडा, लोकांच्या जिभेला हाड नसतं. पण त्या दिवशी आईच्याही तोंडून निघून गेलं, "तू घेतलास त्यांचा जीव!" एकदाच म्हणाली, पुन्हा कधी नाही. पण असलं वाक्य दुसऱ्यांदा म्हणावं लागतं थोडंच? बारक्या मोठा झाला, आईची सगळी कामं हसत करू लागला, घरात थट्टामस्करी करायचा. फक्त कुणाचं पोर बुडू नये म्हणून दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना तरंगायला शिकवायचा. आई त्याच्या तलावावर कधी गेली नाही, आणि त्यानंही तिला कधी चल म्हटलं नाही.

टॅक्सीत ताईला बाबा गेले तेव्हाचं त्यांचं वय आठवलं. बारक्या आता नेमका तिथेच येऊन ठेपला होता. पुढचा विचार तिनं दाबून टाकला. आधी भाऊ, बाकीचं मग.

तलावावर नेहमीसारखा गलका होता. बारक्या छातीभर पाण्यात उभा राहून एका पोराच्या पोटाखाली हात धरून होता. ताई धावत काठावर आली.

"ताई! चपला काढ आधी. काठावर चपला चालत नाहीत."

"खड्ड्यात गेल्या चपला! बाहेर ये."

"वर्ग चालू आहे माझा."

"बारक्या, बाहेर ये म्हणते ना!"

तिचा आवाज असा काही फुटला की पोरंसुद्धा चिडीचूप झाली. बारक्यानं पोराला काठाला लावलं आणि पाणी निथळत वर आला.

"आईला काही झालं का?"

"आई बरी आहे. तू रक्त दिलंस त्या दिवशी टिकली कुठली लावलीस?"

बारक्या बघतच राहिला. "हे विचारायला धावत आलीस? निळी. तलावाच्या माणसानं निळी नाही लावायची तर काय गुलाबी लावायची?"

तो हसला. ताई मटकन बाकावर बसली. वाटेत कुठेतरी तिला आशा होती, की तो हिरवी म्हणेल, पिवळी म्हणेल, काहीही म्हणेल. तिनं त्याला सगळं सांगितलं, धड आणि अर्धवट, दारं आणि रेघा, जसं तोंडाला येईल तसं.

"मला कोलेस्टेरॉल?" बारक्यानं स्वतःच्या पोटाची कातडी चिमटीत धरून दाखवली. "अगं, चिमटीत यायला चरबी तर पाहिजे! तुझ्या यंत्राला लागलंय वेड."

"चरबीचा संबंध नाही रे. छातीत कधी दुखतं का तुझ्या?"

"छे."

"खरं सांग. माझी शपथ."

"दुखत नाही गं. जळजळतं जरा. ॲसिडिटी आहे, औषध घेतो मी."

"जळजळतं कधी? जेवल्यावर?"

"नाही, चार-सहा फेऱ्या मारल्या की. थांबलो की जातं." तो बोलता बोलता थांबला. बहिणीचा चेहरा त्यानं असा कधी पाहिला नव्हता. "ताई, अशी बघू नकोस ना. रविवारी मला तळं पार करायचंय, नाव दिलंय मी."

"रविवार गेला उडत. कपडे घाल आणि चल."

तो गेला, कारण ताई भर तलावावर, वीस पोरांसमोर, त्याचा ओला हात घट्ट धरून रडायला लागली होती.

इस्पितळात त्यांनी बारक्याला चालत आत नेलं आणि खाटेवर निजवून बाहेर आणलं. हृदयाच्या डॉक्टरीणबाई शांतपणे बोलणाऱ्या होत्या, आणि त्या शांतपणाचीच ताईला जास्त भीती वाटली. हृदयाची मुख्य वाहिनी केसाएवढी उघडी राहिली होती. त्यांनी त्याच दिवशी मनगटाच्या धमनीतून बारीक नळी सरकवली आणि जाळीचं नळकांडं बसवून वाट मोकळी केली.

"रविवारी तळ्यात उतरला असता तर?" ताईनं विचारलं.

"तर आपण हे बोलत नसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई बैठकीला गेली. निळा ठिपका तिनं परत आलेखावर आणला होता आणि शेजारी पांढरा लावला होता.

"हा निळा मी पुसला होता," ती उभं राहून म्हणाली. "हा माझा भाऊ आहे आणि ही पांढरी मी. बाब्या ज्यांच्यासाठी बनवला, त्यांच्यावरच तो लंगडा पडतो. दारंच बिघडलेली असतील तर ती टिकवून काय उपयोग? दारांवाचून काम करील असा रेणू लागेल. आणि माझ्यासकट इथे बसलेल्या प्रत्येकानं आज आपलं रक्त तपासून घ्यावं, घरच्यांचंही."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांच्या बायकोनं हिरवी टिकली लावली होती, आणि तिचंही रक्त कधी कुणी तपासलं नव्हतं. पेशीवाली उठली आणि रक्त काढायचं साहित्य आणायला गेली.

दुपारी ताई इस्पितळात पोचली तेव्हा आई खाटेजवळ बसली होती. डॉक्टरीणबाई बारक्याला तपासत होत्या. त्यांनी छाती तपासली, नाडी पाहिली, आणि मग सगळ्यांना नवल वाटलं, त्यांनी पांघरूण पायाकडून वर केलं आणि टाचेच्या वरची जाड धोंडशीर दोन बोटांत धरून दाबली.

"ही अशी जाड कधीपासून?"

"जन्माची!" बारक्या म्हणाला. "घराण्याची टाच आहे ती. मला कुठल्या बुटाची मागची बाजू होत नाही. बाबांचीही तशीच होती, हो ना आई?"

"हे कोलेस्टेरॉल साठलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ह्या शिरेत साठतं तसं हृदयाच्या वाहिन्यांतही. वडिलांची टाच अशीच होती? वडील कशानं गेले?"

मग बारक्यानंच, अगदी सवयीनं, कुणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा तसं सांगितलं.

"माझ्या धसक्यानं."

इतकी वर्षं याच्या जिभेवर हे वाक्य तयार होतं आणि ताईला त्याचा पत्ता नव्हता!

"नाही रे," ती म्हणाली. "धसक्यानं नाही. तुझ्यात निघालं तेच होतं बाबांना. वाट तुंबलेलीच होती त्यांची. त्या दिवशी धावले म्हणून त्या दिवशी गेले, नाहीतर जिना चढताना गेले असते, नाहीतर झोपेत. डॉक्टर, सांगा ना याला!"

"टाच तशी होती आणि वय हे होतं, तर मला दुसरं काही वाटत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना बाकीचं काही ठाऊक नव्हतं, तरी त्या खालच्या आवाजात बोलल्या आणि निघून गेल्या.

बारक्या छताकडे बघत होता. त्याचा थट्टेखोर चेहरा कुठल्या कुठे गेला होता. ताईला वाटलं तो रडेल, पण तो फक्त तोंड उघडून श्वास घेत होता, खूप वेळ पाण्याखाली राहून वर आल्यासारखा.

आई उठली आणि खाटेच्या पायथ्याशी आली. तिनं त्याच्या दोन्ही टाचा हातात घेतल्या आणि अंगठ्यानं ती जाड शीर चाचपली.

"ह्यांच्या चपलांच्या मागच्या पट्ट्या मीच सैल करून द्यायची," ती म्हणाली. "लागायच्या त्यांना. तुझ्याही बुटांच्या मागे मीच कापूस लावला, तू शाळेत जायचास तेव्हा. माझ्या हातांतून गेलं रे हे सगळं. आणि मी तुला काय बोलले!"

"आई, सोड. गुदगुल्या होतात."

आईनं सोडलं नाही. ती तशीच टाचा धरून उभी राहिली, आणि तिचे खांदे हलायला लागले. कुणी तिला थांबवलं नाही. पुष्कळ वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तुझा तलाव उघडतो कधी?"

"मला आता इतक्यात उतरू देणार नाहीत पाण्यात."

"उतरू नकोस. काठावर बसून शिकव," आई म्हणाली. "मी येणार आहे बघायला."